एक बाजारपेठ, एक मानक : युरोपातील तांत्रिक मानकांची जडणघडण

आपल्याकडील जुन्या पिढीतील माणसांना पायली, शेर, मण या मापांची आठवण अजूनही आहे. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच अशी खात्री नसे आणि त्या तफावतीचा भार बहुधा शेतकऱ्यावरच पडे. १९५६ साली वजने व मापे यांविषयीचा कायदा संमत झाला, मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि हा गोंधळ हळूहळू मागे पडला. ही मेट्रिक पद्धती अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या युरोपात जन्मास आली, तेथे मात्र पुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. मीटर आणि किलोग्रॅम सर्वांचे एक झाले, परंतु वस्तू एक झाल्या नाहीत. जर्मनीतील विजेचा प्लग स्वित्झर्लंडमधील सॉकेटमध्ये बसेना. एका देशात निर्धोक ठरलेले यंत्र सीमेपलीकडे गेले की पुन्हा चाचणीला उभे राही.

वस्तू कशी असावी, तिची मापे कोणती, ती किती भार सोसेल आणि तिची परीक्षा कशी घ्यावी, यांविषयीच्या सर्वमान्य लेखी नियमाला मानक असे म्हणतात. अनेक स्वतंत्र राष्ट्रांनी आपापली मानके बाजूस ठेवून एकच मानक स्वीकारावे, यासाठी युरोपने गेल्या सहा दशकांत जी व्यवस्था उभारली ती अभ्यासण्याजोगी आहे.

राष्ट्रीय मानकांचा काळ

मानकांचा उगम कारखान्यात झाला. १८४१ साली इंग्लंडमधील अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच पद्धती सुचविली. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. पुढे १९०१ साली ब्रिटनमध्ये, १९१७ साली जर्मनीत आणि १९२६ साली फ्रान्समध्ये राष्ट्रीय मानक संस्थांचा पाया घातला गेला. या संस्थांनी आपापल्या देशात मोठेच कार्य केले. १९२२ साली जर्मनीने ठरविलेली कागदाची मापे आज भारतासह बहुतेक जगाने स्वीकारली आहेत. आपल्या कचेऱ्यांतून वापरला जाणारा २१० मिलिमीटर रुंदीचा आणि २९७ मिलिमीटर उंचीचा ए-४ कागद त्याच मालिकेतील होय.

परंतु प्रत्येक राष्ट्राने स्वतंत्रपणे उत्तम मानके तयार केली की त्यांचा एक अनपेक्षित परिणाम होतो. जे देशाच्या आत सुसूत्रता आणते, तेच देशाच्या सीमेवर भिंत बनते.

जकात गेली, भिंत राहिली

१९५७ साली रोम येथे सहा देशांनी करार करून युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना केली. १ जुलै १९६८ पर्यंत या देशांनी परस्परांच्या मालावरील जकात रद्द केली. आता व्यापार मुक्त झाला, असे वाटावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षात जकातीची भिंत पाडल्यावर तिच्या मागची दुसरी भिंत दिसू लागली. ती तांत्रिक नियमांची होती. माल सीमेवर अडे तो कर भरला नाही म्हणून नव्हे, तर त्या देशाच्या नियमांत बसत नाही म्हणून.

यावरील पहिला उपाय असा योजण्यात आला, की प्रत्येक वस्तूसाठी समुदायाने एकच सविस्तर कायदा करावा. त्यात वस्तूची सारी मापे, घटक व चाचण्या नमूद कराव्यात आणि सर्व सदस्य देशांनी तो एकमताने संमत करावा. हा मार्ग अतिशय संथ ठरला. केवळ नैसर्गिक खनिज जलाविषयीच्या निर्देशास मंजुरी मिळण्यास १९७० ते १९८० अशी सुमारे दहा वर्षे लागली. कायदा संमत होईपर्यंत तंत्रविद्या पुढे निघून गेलेली असे.

विजेच्या उपकरणांच्या बाबतीत मात्र १९७३ साली निराळी वाट धरण्यात आली. त्या वर्षीच्या निर्देशात केवळ सुरक्षिततेची उद्दिष्टे सांगितली होती आणि तांत्रिक तपशील मानकांवर सोपविला होता. पुढील सुधारणेची बीजे येथे होती.

मद्याच्या बाटलीने दिलेला धडा

२० फेब्रुवारी १९७९ रोजी समुदायाच्या न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकरण वरवर पाहता क्षुल्लक होते. फ्रान्समधील काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या एका फळापासून तयार होणारे ‘कॅसिस द दिजाँ’ हे मद्य जर्मनीतील एका व्यापाऱ्याला आयात करावयाचे होते. त्यात मद्यार्काचे प्रमाण १५ ते २० टक्के असे. अशा मद्यात ते किमान २५ टक्के असले पाहिजे, हा जर्मन नियम होता. प्रमाण कमी म्हणून मद्यास बंदी, हा युक्तिवाद न्यायालयास पटला नाही. जी वस्तू एका सदस्य देशात कायदेशीररीत्या तयार होऊन विकली जाते, तिला दुसऱ्या देशाने सबळ कारणाखेरीज अडवू नये, असे तत्त्व या निकालातून रूढ झाले.

याचा अर्थ फार मोठा होता. आरोग्य, सुरक्षितता, ग्राहकहित अशा आवश्यक गोष्टींपुरतेच राष्ट्राला आपले नियम पुढे करता येतील, बाकीच्या बाबतीत परस्परांवर विश्वास ठेवावा लागेल. साहजिकच जेथे सुरक्षिततेचा प्रश्न खरोखरच आहे, तेवढ्याच क्षेत्रात समान नियमांची गरज उरली. कायद्याचे काम एकदम आटोक्यात आले.

१९८५ ची नवी पद्धती

१९८३ साली सदस्य देशांवर एक बंधन घालण्यात आले. नवा तांत्रिक नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा इतरांना कळवावा, म्हणजे नवी भिंत उभी राहण्याआधीच तिची वार्ता मिळेल. त्यानंतर ७ मे १९८५ रोजी मंत्रिपरिषदेने ‘नवी पद्धती’ या नावाने ओळखला जाणारा ठराव संमत केला. त्याची सूत्रे चार आहेत.

पहिले सूत्र असे, की कायद्याने केवळ अत्यावश्यक अपेक्षा सांगाव्यात. उदाहरणार्थ, खेळण्यामुळे मुलाचा श्वास कोंडू नये. दुसरे, ही अपेक्षा पूर्ण करण्याचा तांत्रिक तपशील मानक संस्थांनी ठरवावा. तिसरे, ही मानके ऐच्छिक राहावीत. चौथे, जो उत्पादक मानकानुसार वस्तू बनवील त्याने कायद्याचे पालन केले आहे असे गृहीत धरावे. जो अन्य मार्गाने जाईल, त्याने आपली वस्तू तितकीच सुरक्षित आहे हे स्वतः सिद्ध करावे.

कायदा आणि तंत्र यांची ही विभागणी हाच साऱ्या व्यवस्थेचा कणा होय. लोकप्रतिनिधींनी उद्दिष्ट ठरवावे आणि जाणकारांनी मार्ग आखावा. तंत्र बदलले तर मानक बदलते, कायद्याला हात लावावा लागत नाही. पहिला निर्देश १९८७ साली साध्या दाबपात्रांविषयी झाला, तर १९८८ साली खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयी.

मानक घडते कसे?

हे काम तीन संस्थांकडे आहे. ‘सेन’ ही सर्वसाधारण क्षेत्रासाठीची संस्था १९६१ साली स्थापन झाली. विद्युत क्षेत्रासाठी ‘सेनेलेक’ ही संस्था १९७३ पासून काम पाहते. या दोहोंचे कार्यालय ब्रुसेल्स येथे आहे. दूरसंचार क्षेत्रासाठी ‘एट्सी’ ही संस्था १९८८ साली दक्षिण फ्रान्समध्ये निघाली. पहिल्या दोन संस्थांचे सदस्य म्हणजे राष्ट्रीय मानक संस्था होत. त्यांत युरोपीय संघाच्या २७ देशांखेरीज नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान इत्यादी मिळून एकूण ३४ देश आहेत. ब्रिटन २०२० साली संघातून बाहेर पडला, तरी त्याची मानक संस्था या संघटनांतून बाहेर पडली नाही. मानकांची ही नाती राजकीय नात्यांहून किती चिवट असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

खेळण्याचेच उदाहरण घेऊन मानकाचा प्रवास पाहू. युरोपीय आयोग प्रथम या संस्थांकडे मानकाची लेखी मागणी करतो. खेळण्यांचा विषय ‘सेन’च्या ५२ क्रमांकाच्या तंत्रसमितीकडे आहे. विषय हाती घेताच ‘स्थगिती’ लागू होते. त्या विषयावर कोणत्याही सदस्य देशाने स्वतंत्र राष्ट्रीय मानकाचे काम चालू ठेवावयाचे नाही, असा हा दंडक आहे. नंतर तज्ज्ञांचा एक कार्यगट मसुदा तयार करतो. त्यात उत्पादक असतात, प्रयोगशाळांचे लोक असतात, शासकीय अधिकारी असतात आणि ग्राहकांचे प्रतिनिधीही असतात. युरोपातील ग्राहकांची बाजू मानकांच्या कामात मांडण्यासाठी १९९५ साली ‘अ‍ॅनेक’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

मसुदा इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या तीन भाषांत प्रसृत होतो. प्रत्येक देशातील तत्सम समिती त्याची छाननी करते आणि कोणालाही त्यावर हरकत नोंदविता येते. आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार करावा लागतो. येथे सहमतीचा अर्थ सर्वांचा होकार असा नाही. महत्त्वाच्या मुद्द्यावर कोणा प्रमुख घटकाचा ठाम व सातत्याचा विरोध उरलेला नाही, एवढाच तिचा अर्थ होय. त्यानंतर अंतिम मतदान होते. त्यात देशाच्या लोकसंख्येलाही वजन असते. मानक संमत झाले की सर्व सदस्य देशांना, विरोधात मत दिलेल्या देशांनासुद्धा, ते राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध करावे लागते आणि त्याच्या विरोधातील जुने मानक मागे घ्यावे लागते. या शेवटच्या अटीतच सुसूत्रीकरणाचे सारे बळ आहे. मानकाचा उल्लेख संघाच्या राजपत्रात छापला गेला, म्हणजे त्याला कायदेशीर गृहीतकाचे पाठबळ मिळते.

खेळण्यांच्या ‘ईएन ७१’ या मानकाच्या पहिल्या भागात एक तिरक्या तळाचे लहान नळकांडे वर्णिले आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असून खोली एका बाजूस २५.४, तर दुसऱ्या बाजूस ५७.१ मिलिमीटर असते. लहान मुलाच्या घशाशी त्याचे साधर्म्य आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग या नळकांड्यात न दाबता पूर्णपणे मावता कामा नये. इतकेच नव्हे, तर खेळणे ८५० मिलिमीटर उंचीवरून पाच वेळा पाडले जाते, त्याचे भाग पिळून आणि सुमारे नऊ किलोग्रॅम भाराइतक्या जोराने ओढून पाहिले जातात. त्यातून निखळलेला तुकडा नळकांड्यात मावला तर खेळणे नापास. ‘मुलाचा श्वास कोंडू नये’ हे कायद्याचे एक वाक्य अशा रीतीने मोजता येणाऱ्या आकड्यांत उतरते. बाहुलीचा डोळा किंवा गाडीचे चाक यांवर एखाद्या बालकाचा जीव अवलंबून असतो. त्यामुळे या आकड्यांवरील समित्यांतील दीर्घ चर्चा व्यर्थ म्हणता येत नाही.

जगाशी सांगड

युरोपचे मानक एक आणि जगाचे दुसरे, असे झाले असते तर एक भिंत पाडून दुसरी बांधल्यासारखे झाले असते. म्हणून १९९१ साली व्हिएन्ना येथील कराराने ‘सेन’ आणि ‘आयएसओ’ ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी एकमेकींचे काम वाटून घेण्याचे ठरविले. विद्युत क्षेत्रात १९९६ साली ड्रेस्डेन येथे तसाच करार झाला. एकाच मसुद्यावर दोन्हीकडे समांतर मतदान होते आणि अनेक मानके शब्दशः एकच असतात.

युरोपात घडलेले मानक जगभर कसे पसरते, याचे उत्तम उदाहरण भ्रमणध्वनीचे आहे. ‘जीएसएम’ या पद्धतीचे काम १९८२ साली युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांनी सुरू केले. १९८७ साली अनेक देशांच्या यंत्रणांनी ती स्वीकारण्याचा करार केला आणि १९८९ साली हे काम ‘एट्सी’कडे आले. १९९५ साली भारतात भ्रमणध्वनी सुरू झाला, तो याच पद्धतीने.

जेथे गाडी अडली

सर्वत्र असे यश आले नाही. घरगुती प्लगच्या बाबतीत युरोप आजही विभागलेला आहे. ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा, जर्मनीचा, फ्रान्सचा, इटलीचा, स्वित्झर्लंडचा असे अनेक प्रकार तेथे नांदतात. कोट्यवधी घरांतील भिंती फोडून सॉकेट बदलण्याचा खर्च एकरूपतेच्या लाभापेक्षा फार मोठा आहे. कमी विजेच्या उपकरणांसाठी दोन पिनांचा एक चपटा प्लग खंडातील बहुतेक देशांत चालतो, एवढीच काय ती तडजोड. वेळीच न केलेले मानक नंतर करणे किती कठीण असते, हे यावरून ध्यानात येते.

विजेच्या दाबाचा प्रश्न मात्र चातुर्याने सुटला. खंडातील देशांत तो २२० व्होल्ट, तर ब्रिटनमध्ये २४० व्होल्ट होता. सर्वांसाठी २३० व्होल्ट हा आकडा ठरविण्यात आला आणि दोन्ही बाजूंस चढउताराची मर्यादा अशी आखली गेली, की जुन्या वीजयंत्रणा जवळजवळ जशाच्या तशा तीत बसल्या. ब्रिटनमध्ये १९९५ पासून अधिकृत दाब २३० व्होल्ट झाला, पण वीजकेंद्रांत त्यासाठी मोठी उलथापालथ करावी लागली नाही. बदल झाला तो उपकरणांत. नवी उपकरणे या साऱ्या पट्ट्यात चालतील अशीच बनू लागली.

भ्रमणध्वनीच्या चार्जरची कथा याहून निराळी. २००९ साली प्रमुख उत्पादकांनी समान चार्जरचा करार स्वेच्छेने केला आणि त्यानुसार मानकही तयार झाले. तथापि सर्वांनी ते सारखेच पाळले नाही. अखेर २०२२ साली कायदा करण्यात आला. २८ डिसेंबर २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या नव्या भ्रमणध्वनींना ‘यूएसबी-सी’ जोडणी बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. ऐच्छिक मार्ग खुंटला की कायद्याला पुढे यावे लागते, हा यातील बोध.

जबाबदारी कोणाची?

नियमांत बसणाऱ्या वस्तूंवर ‘सीई’ हे चिन्ह असते. हे चिन्ह म्हणजे शासनाने दिलेले प्रमाणपत्र होय, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. आपली वस्तू कायद्याच्या अपेक्षा पूर्ण करते, अशी ती उत्पादकाची स्वतःची ग्वाही असते. अधिक धोक्याच्या वस्तूंसाठी मात्र त्रयस्थ संस्थेची तपासणी आवश्यक असते. ही व्यवस्था विश्वासावर चालते, आणि विश्वासघात झाला तर माणसांना त्याची किंमत मोजावी लागते. २०१० साली फ्रान्समध्ये असे उघडकीस आले, की एका कंपनीने स्त्रियांच्या शरीरात बसविल्या जाणाऱ्या स्तनरोपणांत मंजूर नसलेले औद्योगिक सिलिकोन भरले होते. त्या रोपणांवर ‘सीई’ चिन्ह होते. अनेक देशांतील हजारो स्त्रियांना त्याची झळ पोहोचली. त्यानंतर वैद्यकीय उपकरणांविषयीचे नियम २०१७ साली अधिक कडक करण्यात आले.

दुसरा प्रश्न असा, की खासगी स्वरूपाच्या संस्थांनी केलेली मानके कायद्याचे काम करू लागली तर ती कायदा ठरतात काय? आयर्लंडमध्ये एका युवक केंद्राच्या बांधकामात वापरलेल्या खडीत पायराइट हे खनिज निघाले. ते फुगून फरशा उचलल्या गेल्या आणि भिंतींना तडे गेले. खडीच्या युरोपीय मानकाचा अर्थ काय, हा प्रश्न संघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचला. राजपत्रात उल्लेखिलेले असे मानक संघाच्या कायद्याचा भाग असते, असा निर्णय न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी दिला. मग कायद्याचा भाग असलेला मजकूर नागरिकांना पैसे देऊन का विकत घ्यावा लागावा? खेळण्यांविषयीची तीन आणि निकेल धातूविषयीचे एक अशी चार मानके पाहावयास मिळावीत, म्हणून दोन स्वयंसेवी संस्थांनी दाद मागितली. ५ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मानके विकून आपला खर्च भागविणाऱ्या संस्थांपुढे त्यामुळे नवा पेच उभा राहिला आहे.

आपल्या दृष्टीने

युरोपातील या घडामोडींचा संबंध महाराष्ट्रातील कारखान्यांशी प्रत्यक्ष येतो. कोल्हापूर व पुणे परिसरातील ओतकाम कारखान्यांचा माल परदेशी जातो. युरोपीय ग्राहकाच्या आराखड्यावर ओतीव लोखंडाची प्रत युरोपीय मानकाच्या भाषेत लिहिलेली असते. ती भाषा न समजणाऱ्या कारखानदाराचा उत्तम मालही परत येऊ शकतो. येथे एक खबरदारीची सूचना करणे योग्य ठरेल. आपल्या यंत्रशाळांतून ‘ईएन-८’, ‘ईएन-२४’ अशी पोलादाची नावे सर्रास ऐकू येतात. ती १९४१ सालच्या युद्धकालीन ब्रिटिश मानकातून आलेली आहेत. युरोपीय मानकांच्या ‘ईएन’शी त्यांचा काहीही संबंध नाही.

आपल्या देशात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. खेळण्यांसाठी भारताने १ जानेवारी २०२१ पासून मानकचिन्ह सक्तीचे केले. त्यातील यांत्रिक सुरक्षिततेचे मानक आंतरराष्ट्रीय मानकाच्या आधारे तयार झालेले आहे आणि ते नळकांडेही त्यात आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना या सक्तीतून सूट देण्यात आली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारख्या परंपरेवर प्रयोगशाळेच्या खर्चाचा बोजा पडू नये, ही दृष्टी योग्यच आहे. तथापि मूल सूट जाणत नाही. चाक निखळणार नाही आणि रंग विषारी असणार नाही, याची काळजी कारागिराने घ्यावी, ही अपेक्षा सूट मिळाली तरी कायमच राहते.

मानके समितीच्या टेबलाभोवती घडतात. जो तेथे बसतो, त्याच्या अडचणी मसुद्यात उतरतात. जो अनुपस्थित राहतो, त्याला इतरांनी ठरविलेले आकडे पाळावे लागतात. युरोपातील लहान देशांना हे फार लवकर उमगले. आपल्या मानक समित्यांचे मसुदेही हरकतींसाठी प्रसिद्ध होत असतात. लहान कारखानदार, तंत्रनिकेतनांतील अध्यापक आणि ग्राहक संघटना यांनी ते वाचून वेळीच आपले म्हणणे मांडले, तर उद्याच्या मानकात त्यांचाही अनुभव उतरेल.